आलेली वार्ता आणि आपले कर्तव्य

(एका बुद्धविहारातील रविवारच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या महिन्यात वंदना आटोपल्यावर एक वयस्क भगिनी माझ्याकडे आल्या. त्यांच्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेऊन अद्याप वर्षही झालेले नाही. मुलाचा मोबाइल माझ्या हाती देऊन त्या म्हणाल्या, “दादा, हे वाचा आणि खरं काय ते सांगा. कालपासून घरात कुणाला घास गोड लागत नाही.” संदेश असा होता : जनगणनेच्या कागदावर धर्म ‘बौद्ध’ असा लिहिणाऱ्यांची अनुसूचित जातीची सवलत बंद होणार, मुलांची शिष्यवृत्ती थांबणार, नोकरीत असलेल्यांची चौकशी होणार, तरी हा संदेश त्वरित दहा जणांस पाठवावा. खाली कोणाचे नाव नव्हते. तारीख नव्हती. कोणत्या कायद्याचा अथवा आदेशाचा क्रमांक नव्हता.

त्या बाईंचा मुलगा महाविद्यालयात शिकतो व त्याचे शिक्षण शिष्यवृत्तीवर अवलंबून आहे. संदेश वाचून घरधनी रात्रभर एकच बोलत राहिले की, आपण घाई तर केली नाही ना? बंधूंनो, पुष्कळ विचारान्ती घेतलेल्या निर्णयाचा पाया एका निनावी कागदाने, किंबहुना कागदानेही नव्हे, काचेवर उमटलेल्या दहा ओळींनी, एका रात्रीत हलविला. म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी मी हा विषय निवडला आहे.

त्या संदेशाचे उत्तर मी तुम्हांला देणार आहे. परंतु ते आरंभीच देणार नाही. आरंभीच दिले तर तुम्ही त्या निनावी लेखकाच्या शब्दाऐवजी माझ्या शब्दावर विश्वास ठेवाल, एवढाच काय तो फरक पडेल. उद्या दुसरा संदेश येईल तेव्हा मी तुमच्याजवळ नसेन. म्हणून उत्तराआधी उत्तर शोधण्याची रीत आपण पाहू या.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. अफवा ही मोबाइलची संतती नाही. मोबाइलच्या कितीतरी आधी तिने आपल्याच पूर्वजांची डोकी फोडली आहेत. महाड येथे १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती. २० मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक शिस्तीने चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि मंडपाकडे परतले. त्यानंतर सुमारे दोन तासांनी गावात हूल उठविण्यात आली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. परिषदेचा तसा कोणताही बेत नव्हता. तथापि देव बाटणार ही आरोळी कानी पडताच लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव रस्त्यावर आला. मंडपात जेवणाऱ्यांवर हल्ला झाला, अन्न मातीत मिसळले, परतीच्या वाटेला लागलेल्या लोकांना गाठून मारण्यात आले. काहींना मुसलमान बांधवांनी आपल्या घरांत आसरा दिला म्हणून ते वाचले.

त्या जमावातील सारेच लोक जन्माने क्रूर होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांत दुकानदार होते, शेतकरी होते, घरी लेकरेबाळे असलेले गृहस्थ होते. “हे तू कोणाकडून ऐकलेस?” एवढा एक प्रश्न त्यांच्यापैकी शंभरांनी शेजाऱ्याला विचारला असता, तर त्या दिवशीचे रक्त सांडले नसते. मंडप काही कोसांवर नव्हता. जाऊन विचारण्यासारखा होता. पण विचारण्याची इच्छा नव्हती. कारण जे ऐकले ते त्यांच्या मनात आधीपासून असलेल्या द्वेषाला पटणारे होते. अफवेचे बी कोणीही टाकू शकतो. ते रुजते मात्र आधीच नांगरून ठेवलेल्या जमिनीत.

आणि त्याच दिवशी दुसरीकडे काय घडले तेही आठवा. हल्ल्याची वार्ता बाबासाहेबांपर्यंत पोचली तेव्हा प्रतिकारास सिद्ध असलेले शेकडो तरुण त्यांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले व न्यायाचा मार्ग धरला. त्या हल्ल्याबद्दल पुढे जूनमध्ये पाच जणांना प्रत्येकी चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. एकीकडे ऐकताक्षणी धावणारा जमाव आणि दुसरीकडे मार खाऊनही विचार न सोडणारा समाज, असे हे चित्र आहे. आपण कोणाचे वारस आहोत हे आपल्या वर्तनावरून ठरणार आहे.

तुम्ही म्हणाल की, ही जुनी गोष्ट झाली. आता लोक शिकलेले आहेत. तर मग ९१ वर्षांनंतरची गोष्ट ऐका. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाच्या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी ह्या भटक्या समाजातील पाच जण तेथे भिक्षेसाठी आले होते. त्या सुमारास मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश आणि चित्रफिती गावोगाव हातोहाती फिरत होत्या. बाजारातील लोकांना ह्या परक्या माणसांचा संशय आला. त्यांना ओढत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले व कोंडून इतके मारण्यात आले की पाचही जण मरण पावले. जी जागा गावाच्या कारभारासाठी बांधलेली, तीच त्यांची मरणाची जागा झाली. त्यांनी कोणाचेही मूल पळविलेले नव्हते.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत होती. तीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेताना दिसतात. ती पाहून कोणत्या आईचे काळीज हलणार नाही? परंतु ती चित्रफीत आपल्या देशातील नव्हती व खऱ्या अपहरणाचीही नव्हती. पालकांनी मुलांची काळजी घ्यावी ह्या प्रचारासाठी पाकिस्तानातील कराची शहरात ती मुद्दाम तयार केलेली होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी ते मूल परत आणून सोडले जाते आणि सावधगिरीचा मजकूर असलेला फलक दाखविला जातो. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला भाग ‘आपल्या भागात घडलेला प्रकार’ म्हणून सोडून दिला. असत्य रचण्यासाठी दर वेळी नवे काही बनवावे लागत नाही. खऱ्या वस्तूचा एक तुकडा कापला, किंवा तिचे गाव आणि दिवस बदलले, की काम होते.

राईनपाड्यात मारले गेलेले लोक भटके होते, दरिद्री होते व त्या गावात त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. महाडला मार खाणारे अस्पृश्य होते. ह्यात एक सूत्र आहे. अफवा उंच वाड्यावर फारशी आदळत नाही. ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याच्याविषयी गावाच्या मनात आधीच अढी आहे, त्याच्यावर ती कोसळते. म्हणून वार्तेची सत्यासत्यता तपासणे हा आपल्यासाठी फावल्या वेळचा छंद नव्हे. तो आपल्या जीविताचा व अधिकारांचा प्रश्न आहे. आणि ज्यांच्यावर ती उद्या कोसळेल ते आपल्याहूनही दुबळे असतील, तर तो आपल्या करुणेचाही प्रश्न आहे.

असे असता लोक वार्ता तपासत का नाहीत? मी अनेक घरांतून हा प्रश्न विचारला. मला जी उत्तरे मिळाली ती चार प्रकारची आहेत आणि ती तुमच्यापुढे ठेवतो.

पहिले उत्तर : “आमच्या माणसाने पाठविले आहे, तो कशाला खोटे बोलेल?” मामा खोटे बोलत नाहीत हे खरे. परंतु मामांनी ते लिहिलेले नाही. त्यांना ते दुसऱ्याकडून आले, दुसऱ्याला तिसऱ्याकडून. ज्याने प्रथम लिहिले त्याला मामाही ओळखत नाहीत. आपण मामांच्या सज्जनपणाचा शिक्का एका अनोळखी माणसाच्या मजकुरावर उमटवितो. अफवा ज्या वाहनावर बसून प्रवास करते ते वाहन म्हणजे हा परस्परांवरचा विश्वासच होय.

दुसरे उत्तर : “खोटे असले तर सोडून द्या, पण सावध केलेले बरे.” हे उत्तर वरवर परोपकाराचे दिसते. राईनपाड्याच्या आसपास ज्यांनी ते संदेश पुढे पाठविले त्यांतील पुष्कळांनी हाच विचार केला असला पाहिजे. त्यांनी काठी उचलली नाही; केवळ बोट लावले. परंतु सावधगिरीच्या नावाने पेरलेली भीती शेवटी पाच घरांतील कर्त्या माणसांना घेऊन गेली. खोट्या सावधगिरीची किंमत असते आणि ती बहुधा दुसराच चुकवितो.

तिसरे उत्तर : “तपासणे हे सरकारचे काम, वर्तमानपत्रांचे काम. आम्ही साधी माणसे.” ह्याचा विचार थोडा सविस्तर करावा लागेल, तो मी पुढे करतो.

चौथे उत्तर कोणी उघड देत नाही, पण मनात असते : “आपल्या बाजूचे आहे ना, मग असू द्या.” चौघांत हे सर्वांत घातक आहे आणि त्यावर मी शेवटी बोलणार आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या तीन संशोधकांनी ह्या विषयाचा मोठा अभ्यास करून तो २०१८ च्या मार्चमध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ ह्या काळात ट्विटरवर सुमारे ३० लाख लोकांनी पसरविलेल्या सुमारे १,२६,००० वार्ता-साखळ्या त्यांनी तपासल्या. त्यांना असे आढळले की, असत्य वार्ता पुढे पाठविली जाण्याची शक्यता सत्य वार्तेपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असते, आणि १,५०० लोकांपर्यंत पोचण्यास सत्याला असत्याच्या सहापट वेळ लागतो. त्यांनी हेही पाहिले की, हे काम यंत्रे करतात की माणसे? उत्तर आले की, असत्य अधिक पसरते ते माणसांमुळे. असत्य नवलाचे असते, ते ऐकून आश्चर्य, भय व किळस वाटते. आणि नवल दुसऱ्याला सांगण्याची घाई हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणजे रोग यंत्रात नाही, आपल्या बोटात आहे. औषधही तेथेच लावावे लागेल.

आता तिसऱ्या उत्तराकडे येतो. हे काम दुसऱ्या कोणावर सोपविता येईल काय?

कंपन्यांनी काही केले आहे. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली, आणि पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. एप्रिल २०२० मध्ये, ज्या संदेशाचा प्रवास पुष्कळ झाला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे ठरले. ह्याने वेग कमी होतो. खरेखोटे ठरत नाही.

न्यायालयांनी व कायद्यानेही काही केले आहे. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध निर्देश दिले, प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी पोलीस अधिकारी नेमण्यास सांगितले आणि चिथावणीखोर संदेश पसरविणाऱ्यांविरुद्ध गुन्हे नोंदविण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ प्रमाणे, लोकांत भय किंवा वैर उत्पन्न होईल अशी खोटी माहिती वा अफवा पसरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याच कलमात एक अपवाद आहे व तो मननीय आहे : ती माहिती खरी आहे असे मानण्यास ज्याच्याजवळ वाजवी कारण होते आणि ज्याने ती सद्भावाने व वाईट हेतूवाचून सांगितली, तो ह्या गुन्ह्याचा धनी होत नाही. म्हणजे ‘मला आले, मी पाठविले’ एवढ्यावर कायद्याचे समाधान होत नाही. खरे मानण्यास कारण काय होते, हे तो विचारतो.

मग सरकारनेच प्रत्येक वार्तेवर खरी-खोटीचा शिक्का का मारू नये? तसाही प्रयत्न झाला. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी वा दिशाभूल करणारी आहे, हे सरकारनेच नेमलेल्या एका कक्षाने ठरवावे, अशी ती तरतूद होती. तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत भिन्न पडले. मग प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. समतेचा व भाषणस्वातंत्र्याचा तीमुळे भंग होतो असा त्याचा आशय आहे. आपल्यासारख्यांना ह्यातील मर्म सहज कळावे. ज्याच्याविषयी तक्रार, तोच पंच झाला तर तक्रार खोटीच ठरणार. गावच्या पाटलाविरुद्धचे गाऱ्हाणे पाटलाच्याच चावडीवर ऐकले गेले तर काय होते, हे आपल्या आजोबांनी पाहिलेले आहे.

सारांश, कंपनी वेग कमी करू शकेल, कायदा मागाहून शिक्षा करू शकेल, आणि सरकारला सत्याचा एकमेव मक्तेदार करणे आपल्या स्वातंत्र्यास घातक आहे. मग उरतो कोण? उरतो नागरिक. आपल्या संविधानात १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांपैकी कलम ५१-क (ह) वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढविण्यास सांगते. हे कर्तव्य पदवीधरांपुरते नाही. ज्या बाईंनी मोबाइल माझ्या हाती देऊन “खरं काय ते सांगा” म्हटले, त्यांनी त्या क्षणी हे कर्तव्य बजावले. संदेशात दहा जणांना पाठविण्याची आज्ञा होती; त्यांनी एकालाही पाठविला नाही. त्या थांबल्या व त्यांनी विचारले.

आता तपासण्याची रीत. ती आपल्याला बाहेरून उसनी आणावयास नको. कालामांना भगवान बुद्धांनी केलेला उपदेश तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल : केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मान्य करू नका. परंतु मी आज दुसऱ्या, तितक्याशा प्रसिद्ध नसलेल्या उपदेशाकडे तुमचे लक्ष वेधतो. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात, आयुष्याच्या अखेरच्या प्रवासात भगवंत भोगनगर येथे आले असता त्यांनी भिक्खूंना चार महापदेश सांगितले. त्यांचा आशय असा : कोणी येऊन म्हणेल की, हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले, कोणी म्हणेल, हे संघाकडून ऐकले, कोणी म्हणेल, बहुश्रुत स्थविरांकडून ऐकले, कोणी म्हणेल, एका विद्वान भिक्खूकडून ऐकले. अशा वेळी त्याचे कौतुकही करू नये व त्याचा धिक्कारही करू नये. त्याचे शब्द नीट समजून घ्यावेत आणि सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावेत. जुळले तर स्वीकारावेत, न जुळले तर सोडून द्यावेत.

ह्यातील प्रत्येक पायरी आपल्या कामाची आहे. पहिली पायरी म्हणजे लगेच डोक्यावर घेऊ नका आणि लगेच झिडकारूही नका, थांबा. दुसरी म्हणजे शब्द नीट वाचा. कोण म्हणते, केव्हाचे, कुठले, हे पाहा. तिसरी म्हणजे मूळ कागदाशी ताडून पाहा. चौथी म्हणजे जुळले नाही तर सोडा, मग सांगणारा कितीही मोठा असो. लक्षात घ्या, ज्याच्या नावापुढे आपण मस्तक नमवितो त्या बुद्धाच्या नावाने आलेले वचनसुद्धा ताडून पाहण्यास स्वतः बुद्धच सांगत आहेत. मग निनावी संदेशाचा काय पाड!

ह्याच रीतीने आपण त्या भगिनींचा संदेश तपासू. तो म्हणतो, धर्म बौद्ध लिहिला की अनुसूचित जातीची सवलत जाते. मूळ कागद कोणता? संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५०. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात आरंभी असे होते की, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख धर्माचा समावेश झाला. १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्ध धर्माचाही समावेश झाला. तेव्हापासून अनुसूचित जातीतील जी व्यक्ती बौद्ध धर्म मानते ती कायद्याने अनुसूचित जातीचीच राहते. महाराष्ट्र राज्याने तर आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना १९६० सालापासूनच दिल्या.

म्हणजे पाहा, तो संदेश पूर्णपणे आकाशातून पडलेला नव्हता. १९५६ ते १९९० अशी ३४ वर्षे केंद्राच्या सवलतींच्या बाबतीत आपल्या समाजाने हे दुःख खरोखरच भोगले आहे. म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात ते आहे. म्हणूनच तो संदेश खरा वाटला. काल जे खरे होते ते आजचे म्हणून विकणे, हा असत्याचा सर्वांत फसवा प्रकार होय. ह्यासाठी तारीख पाहावी.

दुसरा मुद्दा जनगणनेचा. जून २०२५ मधील अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ-दिवस ठरविला आणि तीत जातीची नोंदही घेण्याचे ठरले; त्यामुळे अशा संदेशांना ऊत येणे साहजिक आहे. जनगणना अधिनियम, १९४८ काय सांगतो? त्याच्या कलम १५ नुसार गणनेत दिलेली वैयक्तिक माहिती पाहण्यास कोणाला खुली नसते व इतर दाव्यांत पुरावा म्हणून चालत नाही. मग गणनेत काय लिहिले ते पाहून कोणाची शिष्यवृत्ती थांबविणार? जात प्रमाणपत्र ही निराळी बाब आहे व त्यासाठी निराळे कार्यालय आहे. त्याविषयी शंका असेल तर तेथेच लेखी विचारावे व लेखी उत्तर घ्यावे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले आणि त्यांतील सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. भीतीने आपण आपला धर्म लपविला तर ही संख्या घटेल, आणि संख्येवर चालणाऱ्या लोकशाहीत आपला आवाजही घटेल. संदेश कोणी लिहिला हे मला ठाऊक नाही; परंतु त्याने नुकसान कोणाचे होणार होते हे उघड आहे.

मी ही माहिती त्या भगिनींना सांगितली आणि म्हटले, “ताई, हेही माझ्यावर विसंबून मानू नका. मुलाला १९९० ची दुरुस्ती काढून वाचायला सांगा.” दुसऱ्या रविवारी मुलगा आला, तो तिची छापील प्रत घेऊन. त्याने ती आपल्या वडिलांना वाचून दाखविली होती. मग ज्याने त्याला तो संदेश पाठविला होता त्यालाही ती पाठविली होती. घरात पुन्हा शांतता नांदू लागली. ती माझ्या शब्दाने आलेली नव्हती, वाचनाने आली होती; म्हणून ती टिकेल.

आता चौथ्या, न बोलल्या जाणाऱ्या उत्तराविषयी. आपल्या बाजूचे असत्य चालू द्यावे काय? २००८ च्या सुमारास असा संदेश फिरला की, युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरविले. युनेस्कोने असे काही ठरविले नसल्याचे स्पष्ट केले. तरी तो संदेश वर्षानुवर्षे फिरत राहिला. कारण तो अभिमानाला सुखवीत होता. आपल्याकडेही बाबासाहेबांच्या नावाने, तथागतांच्या नावाने रोज वाक्ये येतात. छायाचित्र त्यांचे, अक्षरे सुबक, आणि ग्रंथाचा व पृष्ठाचा पत्ता नाही. आपण आनंदाने पुढे पाठवितो. परंतु बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ सालापासून प्रसिद्ध केले आहेत. वाक्य त्यांचे असेल तर त्याचा ठिकाणा सांगता आला पाहिजे.

हे मी का म्हणतो? ज्या महापुरुषाने प्रत्येक विधानामागे पुरावा उभा केला, त्याच्या तोंडी निराधार वाक्य घालणे हा त्याचा गौरव नाही. शिवाय त्यात व्यवहाराचाही तोटा आहे. शंभर खऱ्या वाक्यांत एक खोटे सापडले की विरोधक त्या एकावर बोट ठेवून शंभरही खोटी ठरवितात. आपली बाजू सत्याची आहे. तिला असत्याची टेकू लागत नाही. पंचशीलातील चौथे शील आपण दररोज ग्रहण करतो. जाणूनबुजून खोटे बोलणे त्याने वर्ज्य आहेच. परंतु जे खरे की खोटे हे जाणून घेण्याची तसदीही घेतली नाही ते निःशंकपणे पुढे पाठविणारा त्या शीलाच्या किती जवळ आहे, ह्याचा ज्याने त्याने विचार करावा.

शेवटी पुन्हा महाडला जातो. तळ्याचे पाणी प्याल्यानंतर काही सनातनी गृहस्थांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, अनादी कालापासून हे तळे आमच्याच वापरात आहे व अस्पृश्यांना वर्ज्य करण्याची रूढी आहे. गावातील प्रत्येक जण हेच म्हणत होता, आणि वाडवडिलांपासून म्हणत आला होता. न्यायालयाने विचारले की, पुरावा काय? साक्षी झाल्या, कागद तपासले गेले, अपिले झाली. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. ‘सगळे म्हणतात’ ह्या आधारावर उभे असलेले केवढे तरी मोठे असत्य ‘पुरावा दाखवा’ ह्या दोन शब्दांपुढे कोसळले.

२० मार्च १९२७ च्या त्या हुलीला दोन तास पुरले होते; ह्या सत्याला जवळजवळ दहा वर्षे लागली. परंतु ती हूल त्याच दिवशी मेली आणि तो निर्णय आजही उभा आहे. बाबासाहेब त्या दाव्यात प्रतिवादी होते. संतापाचा वेग त्यांच्याही जवळ होता. त्यांनी पुराव्याची संथ वाट धरली व तीवर ते जिंकले.

म्हणून माझी तुम्हांस विनंती एवढीच आहे. घरोघरी एक नियम करा. निनावी, बेतारखी संदेश पुढे जाणार नाही. भय किंवा संताप उत्पन्न करणारा संदेश आला तर त्या दिवशी बोट आवरावे. रात्र जाऊ द्यावी, सकाळी मूळ कागद शोधावा. घरातील वडीलधाऱ्यांना न कळल्यास शिकलेल्या मुलांनी हिणवू नये, शेजारी बसून वाचून दाखवावे. चुकून खोटे पाठविले गेले तर जितक्या जणांना ते पाठविले तितक्यांना चूक कळवावी. ह्यात कमीपणा नाही, ह्यात शील आहे. आणि गावात परका, फाटका माणूस दिसला व कोणी त्याच्याविषयी ओरडला, तर सर्वांत पुढे जाऊन “हे तुम्ही कोणाकडून ऐकले?” असे विचारणारा माणूस आपल्या घरातला असावा.

शतकानुशतके आपल्याविषयी इतरांनी जे सांगितले ते जगाने न तपासता मान्य केले, आणि त्याचे दुःख आपण भोगले. ते दुःख आपल्या हातून दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जाऊ नये.

जय भीम!